कापडावरचे शिक्के आणि न लिहिलेली नावे

(भांडुप येथे कामगार व विद्यार्थी यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



जुन्या कापडाचे वय कसे ओळखावे, हा आजच्या व्याख्यानाचा विषय आहे. वरवर पाहता तो संग्रहालयाचा किंवा हौशी संग्राहकाचा विषय वाटेल. श्रमिकांच्या अभ्यासवर्गात त्याचे प्रयोजन काय, अशी शंका काही श्रोत्यांच्या मनात आली असेल. परंतु कापडाचे वय ज्या खुणांवरून ठरते, त्या खुणा कोणीतरी, कोणत्या तरी अधिकाराने त्यावर उमटविलेल्या असतात. सरकार कायद्याच्या बळावर उमटविते, गिरणीमालक मालकीच्या बळावर उमटवितो, व्यापारी भांडवलाच्या बळावर उमटवितो. कापडावर काय लिहिले आहे हे वाचताना, ते लिहिण्याचा हक्क कोणाकडे होता आणि कोणाकडे नव्हता, हेही ओघाने वाचले जाते.

या विषयाचा आरंभ परदेशातून करणे सोयीचे आहे. अमेरिकेत जुन्या कपड्यांचा मोठा बाजार आहे आणि तेथील जाणकार एखादा स्त्रियांचा झगा किंवा कोट हाती आला की प्रथम त्याची आतली शिवण उलटून पाहतात. तेथे बोटभर लांबीची एक चिठ्ठी शिवलेली असते. ती दुकानदाराची नसते, कारखानदाराचीही नसते. ती शिवणाऱ्यांच्या संघटनेची असते. ‘इंटरनॅशनल लेडीज गारमेंट वर्कर्स युनियन’ ही संघटना १९०० साली न्यूयॉर्क येथे स्थापन झाली आणि १९९५ साली दुसऱ्या एका वस्त्रकामगार संघटनेत विलीन झाली. या पंचाण्णव वर्षांत तिची चिठ्ठी अनेकदा बदलली, आणि प्रत्येक बदलामागे कामगार चळवळीतील एखादी घडामोड आहे.

संघटना आरंभी ‘अमेरिकन फेडरेशन ऑफ लेबर’ या मध्यवर्ती संघाशी जोडलेली होती. १९३५ साली, कारागिरांच्या वेगवेगळ्या संघटना असाव्यात की एका उद्योगातील सर्वांची एकच असावी, या प्रश्नावर त्या संघात फूट पडली आणि वस्त्रकामगारांची ही संघटना बंडखोर गटात गेली. १९३८ साली तिने त्या गटाचीही साथ सोडली, दोन वर्षे ती स्वतंत्र राहिली आणि १९४० साली मूळ संघात परतली. पुढे १९५५ साली दोन्ही मध्यवर्ती संघांचे एकीकरण झाले. साहजिकच चिठ्ठीवर कोणत्या संघाचे नाव आहे यावरून झग्याचा काळ ठरविता येतो. बंडखोर गटाचे नाव असेल तर तो दोन-तीन वर्षांच्या अवधीतला. दोन्ही संघांची जोडनावे असतील तर १९५५ नंतरचा. चिठ्ठी लाल, पांढऱ्या व निळ्या रंगांची असेल तर १९७४ नंतरचा. ज्या मतभेदांवर सभांतून कंठशोष झाला, ते मतभेद अशा रीतीने कपड्याच्या अस्तरात पंचांगासारखे नोंदले गेले आहेत.

याच काळातील आणखी एक चिठ्ठी उल्लेखनीय आहे. महामंदीच्या काळात रूझवेल्ट यांच्या शासनाने १९३३ साली उद्योगांसाठी किमान वेतन व कामाचे तास ठरविणाऱ्या संहिता केल्या आणि त्या पाळणाऱ्यांना निळ्या गरुडाचे चिन्ह दिले. १९३५ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने तो कायदाच रद्द ठरविला. निळ्या गरुडाची चिठ्ठी असलेला कोट म्हणजे त्या दोन वर्षांतला कोट, हे अनुमान त्यामुळे करता येते. एका कायद्याचे अल्पायुष्य अभ्यासकाला असे उपयोगी पडते. कामगाराला ते किती महाग पडले, हा भाग वेगळा.

ही चिठ्ठी कपड्यावर लागली ती कोणाच्या मेहेरबानीने नव्हे. १९०९-१० साली न्यूयॉर्कमधील शिवणकाम करणाऱ्या हजारो मुलींनी संप केला. अनेक मालकांनी तडजोड केली; काहींनी संघटनेला मान्यता नाकारली. त्यांपैकी एका कंपनीच्या, ट्रँगल नावाच्या कारखान्यात २५ मार्च १९११ रोजी आग लागली. बाहेर पडण्याचे दार कुलूपबंद होते. १४६ कामगार मरण पावले. त्यांत बहुसंख्य तरुण, स्थलांतरित मुली होत्या. त्यानंतरच्या काळात ‘हा कपडा संघटित कामगारांनी शिवला आहे’ या वाक्याचा अर्थ ग्राहकाला समजावून सांगावा लागला नाही. त्या वाक्यात वेतन होते, तास होते, आणि उघडणारे दारही होते.

परंतु या परंपरेची दुसरी बाजू झाकून ठेवणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. अमेरिकेत संघटनेची चिठ्ठी प्रथम कपड्यावर आली नाही, ती सिगारच्या पेटीवर आली. १८७० च्या दशकात सॅन फ्रान्सिस्को येथील गोऱ्या सिगार कामगारांनी आपल्या पेट्यांवर पांढरी चिठ्ठी लावण्यास आरंभ केला. चिनी कामगारांच्या हातचा माल कोणता आणि गोऱ्यांच्या हातचा कोणता, हे गिऱ्हाइकाला कळावे व त्याने पहिल्यावर बहिष्कार घालावा, हा तिचा हेतू होता. १८८० साली सिगार कामगारांच्या राष्ट्रीय संघटनेने निळी चिठ्ठी स्वीकारली. १८८२ साली चिन्यांना देशात येण्यास बंदी करणारा कायदा झाला, त्या वातावरणाला पांढऱ्या चिठ्ठीनेही हातभार लावला होता. कामगाराच्या हातात आलेली खूण तेवढ्याने न्यायाची होत नाही. ती कोणाला आत घेते आणि कोणाला बाहेर ठेवते, हे प्रत्येक वेळी तपासावे लागते. जातीजातींत विभागलेल्या या देशातील श्रमिकांना हे अधिक सांगण्याची गरज नाही. मुंबईच्या गिरण्यांत दीर्घकाळ साचा खात्याची काही कामे अस्पृश्य कामगारांना बंद होती. सूत तोंडाने ओढावे लागते आणि त्याचा विटाळ होतो, असे कारण त्यासाठी पुढे केले जात असे.

आता मुंबईकडे वळू. भांडुपची ख्याती कापडगिरणीसाठी नाही. येथील ओळख टायर, रंग आणि यंत्रभाग यांच्या कारखान्यांची. परंतु कापसाशी या गावाचे नाते कोणत्याही गिरणीहून जुने आहे. मुंबई ते ठाणे लोहमार्गाची कल्पना मुंबई सरकारचे मुख्य अभियंता जॉर्ज क्लार्क यांना १८४३ साली भांडुप येथे आले असता सुचली, अशी रेल्वेच्या इतिहासात नोंद आहे. १६ एप्रिल १८५३ रोजी त्या मार्गावर पहिली गाडी धावली. या लोहमार्गामागे लँकेशायरच्या गिरणीवाल्यांचा मोठा आग्रह होता; त्यांना देशावरचा कापूस लवकर बंदरावर हवा होता. पुढे घाट ओलांडून खानदेश-वऱ्हाडचा कापूस याच रुळांवरून भांडुपच्या दारातून बंदराकडे गेला, आणि मँचेस्टरचे कापड याच रुळांवरून उलट दिशेने देशावर गेले. कावसजी नानाभाई दावर यांची ताडदेवची गिरणी १८५६ साली सुरू झाली. पुढे गिरणगाव उभे राहिले, आणि १९८२ नंतर ते मोडत गेले तेव्हा गिरणी कामगारांची कितीतरी कुटुंबे याच मार्गाने उपनगरांत सरकली. भांडुपच्या डोंगरउतारावरील वस्त्यांत आजही अशी घरे आहेत, जेथे गिरणीच्या कापडाचे तुकडे गोधडीच्या पोटात जिवंत आहेत.

ही गोधडी म्हणजे कालनिर्णयाचा उत्तम धडा आहे. तिच्या थरांत धोतर असते, लुगडे असते, परकर असतो, मांजरपाट असतो. ताग्याच्या टोकाचा तुकडा आत गेला असेल तर त्यावर निळ्या शाईचा पुसट शिक्काही सापडतो. हा शिक्का कसा वाचावा?

पहिली खूण लांबीची. १८८९ च्या मालचिन्हांच्या कायद्याने कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक ताग्यावर त्याची लांबी वारांत, इंग्रजी आकड्यांत छापणे बंधनकारक केले. वाराचा आकडा असेल तर कापड साधारणपणे मीटरच्या आधीचे समजावे. दशमान मापांचा कायदा १९५६ साली झाला आणि पुढील काही वर्षांत टप्प्याटप्प्याने मीटर आला. तरीही बाजारात गिऱ्हाईक ‘वार’ हा शब्द पुढे कित्येक वर्षे वापरीत राहिले, हे विसरता कामा नये.

दुसरी खूण किमतीची. युद्धकाळात कापडाचा भयंकर तुटवडा पडला, काळाबाजार बोकाळला, तेव्हा १९४३ साली सरकारने कापड व सूत नियंत्रणाचा आदेश काढला. वस्त्र आयुक्तांची कचेरी त्याच वर्षी मुंबईत स्थापन झाली. गिरणीची किंमत आणि किरकोळ विक्रीची किंमत कापडावर छापण्याची सक्ती आली. १९४८ च्या जानेवारीत नियंत्रण उठविले गेले, भाव कडाडले, आणि त्याच वर्षी ते पुन्हा लादावे लागले. किमतीचा शिक्का रुपये-आणे-पैत असेल तर कापड १ एप्रिल १९५७ च्या आधीचे असण्याचा संभव मोठा, कारण त्या दिवशी दशमान नाणी आली. ‘न. पै.’ अशी अक्षरे असतील तर १९५७ ते १९६४ हा काळ जवळजवळ निश्चित. १ जून १९६४ पासून ‘नया’ हा शब्द गळाला आणि नुसता पैसा उरला. त्याच वर्षाच्या अखेरीस धोतर, साडी, लाँगक्लॉथ अशा जाड्याभरड्या प्रकारांसाठी नव्याने नियंत्रित कापडाची योजना आली. गरिबाच्या अंगावरचे कापड कोणत्या दराने विकावे, यासंबंधी सरकार आणि गिरणीमालक यांच्यात चाळीस वर्षे जी ओढाताण चालली, तिचे टिपण या छोट्या आकड्यांत आहे.

तिसरी खूण नावाची. जमशेटजी टाटा यांनी १८८६ साली कुर्ल्याची धरमसी मिल विकत घेतली आणि तिचे नाव ‘स्वदेशी’ ठेवले. स्वदेशीच्या छापाचे कापड त्या वर्षाआधीचे असू शकत नाही. ससून घराण्यातील एका शाखेच्या गिरण्या १९४३ साली हस्तांतरित होऊन ‘इंडिया युनायटेड’ झाल्या. १ एप्रिल १९७४ पासून देशातील १०३ आजारी गिरण्या राष्ट्रीयीकृत होऊन राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाकडे आल्या. ऑक्टोबर १९८३ मध्ये, संपानंतर, मुंबईतील आणखी १३ गिरण्यांचे व्यवस्थापन सरकारने ताब्यात घेतले. त्यांत टाटा, फिनले, कोहिनूर अशी नामांकित नावे होती. कोहिनूरच्या कापडाच्या काठावर महामंडळाचे नाव असेल तर ते १९८३ नंतरचे, एवढे सरळ अनुमान त्यावरून निघते.

चौथी खूण शिंप्याच्या चिठ्ठीची, आणि ती तर खास भांडुपची. सदऱ्याच्या कॉलरमागे गावातील शिंपी आपल्या दुकानाची चिठ्ठी शिवीत. तिच्यावर ‘आग्रा रोड, भांडुप, मुंबई ७८’ असे असेल तर एक काळ आणि ‘लाल बहादूर शास्त्री मार्ग, मुंबई ४०० ०७८’ असे असेल तर दुसरा. शास्त्रीजींचे निधन जानेवारी १९६६ मधले. त्यांचे नाव रस्त्याला त्याआधी मिळणे शक्य नाही. सहा आकडी पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाला. इंग्रजीत ‘बॉम्बे’ आहे की ‘मुंबई’, यावरून १९९५ ची रेषा आखता येते.

या सर्व खुणा वाचताना एक नियम पाळावा लागतो. नवी खूण नि:संशय पुरावा देते. जुनी खूण फक्त संभव सुचविते. पिनकोड असलेली चिठ्ठी १९७२ च्या आधी छापली जाणे अशक्य. परंतु पिनकोड नसलेली चिठ्ठी १९८० सालीही शिवली गेली असेल, कारण काटकसरी शिंपी जुन्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा संपेपर्यंत वापरतो. आग्रा रोड हे नाव तर लोकांच्या तोंडी कितीतरी वर्षे टिकले. समजा, एका गोधडीत आण्यांचा शिक्का असलेला एक थर, नव्या पैशांचा दुसरा आणि महामंडळाच्या नावाचा तिसरा आहे. तर ती गोधडी १९७४ नंतर शिवली गेली, हे पक्के. आणि पहिल्या थराचे कापड त्या घराने निदान सतरा वर्षे वापरून, जपून, मग आत घातले, हा निष्कर्षही त्याच नियमातून निघतो. कापडाच्या वयाबरोबर घराची ओढग्रस्तही मोजली जाते.

येथवर मुंबईच्या कापडावर काय लिहिलेले असते ते पाहिले. लांबी, किंमत, गिरणी, मालकी, पत्ता. अमेरिकेच्या झग्याशी तुलना करता एक रकाना मात्र कोरा राहिला आहे. हे कापड ज्याने विणले त्याचा उल्लेख कोठेही नाही.

विणकराची ओळख गिरणीला नव्हती असे नाही. ताग्यात दोष निघाला की तो कोणत्या साच्यावरचा आणि कोणत्या पाळीचा, हे घडी खात्यात बरोबर शोधले जाई. बिघडलेले कापड विणकराच्याच गळ्यात मारावे आणि त्याची किंमत पगारातून कापून घ्यावी, अशी मुंबईच्या गिरण्यांतली रीत होती. १९३६ च्या वेतन प्रदान कायद्याने दंडावर रुपयामागे अर्ध्या आण्याची मर्यादा घातली आणि नुकसानीची कपात करण्यापूर्वी कामगाराचे म्हणणे ऐकणे आवश्यक केले, तोपर्यंत या रिवाजाला फारसा आळा नव्हता. चांगल्या कापडावर गिरणीचे नाव आणि वाईट कापडावर कामगाराचे, अशी ही वाटणी होती.

मग मुंबईच्या बलाढ्य कामगार चळवळीने आपली चिठ्ठी कापडावर का लावली नाही? संघटनेची उणीव होती असे म्हणता येणार नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८० च्या दशकात गिरणी कामगारांना एकत्र आणले, ‘दीनबंधु’तून त्यांची गाऱ्हाणी मांडली, आणि १८९० साली रविवारची सुटी मिळविली. आयटकची स्थापना १९२० साली मुंबईतच झाली. १९२८ चा सार्वत्रिक संप सहा महिने चालला आणि त्यातून गिरणी कामगार युनियन उभी राहिली. १९५० साली समाजवाद्यांच्या मिल मजदूर सभेने बोनससाठी दोन महिने गिरण्या बंद ठेवल्या. एवढे सामर्थ्य असलेल्या चळवळीला बोटभर चिठ्ठी का साधली नाही, याची तीन कारणे दिसतात.

पहिले कारण बाजाराचे. संघटनेच्या चिठ्ठीला बळ येते ते ती पाहून माल घेणाऱ्या गिऱ्हाइकामुळे, आणि अमेरिकेत ते गिऱ्हाईक बहुधा स्वतःच कोणत्या तरी संघटनेचे सभासद असे. मुंबईच्या धोतर-लुगड्यांचे गिऱ्हाईक देशभर विखुरलेले शेतकरी होते. त्यांच्यापुढे दोन दिडक्यांच्या फरकाचा प्रश्न होता. परळच्या साचेवाल्याचा पगार हा त्यांच्या खरेदीचा निकष होणे कठीण होते.

दुसरे कारण राष्ट्रीय चळवळीचे. १९०५ पासून कापडाविषयीचा नैतिक प्रश्न ‘देशी की विलायती’ असाच विचारला गेला. त्या प्रश्नाच्या उत्तरासाठी १२ डिसेंबर १९३० रोजी काळबादेवीला विलायती कापडाच्या लॉरीखाली बाबू गेनू याने प्राण दिला. बाबू गेनू हा गिरणी कामगार होता. कापड कोणत्या देशात विणले याकरिता एक कामगार मरण पावला. ते कोणत्या वेतनावर विणले, हा प्रश्न त्या लढ्याच्या गर्दीत मागे पडला. देशी गिरणीमालकाला स्वदेशीचा लाभ झाला आणि त्याच्या मालावर देशभक्तीची छाप आपसूक बसली.

तिसरे कारण कायद्याचे. १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याने एका उद्योगात एकाच संघटनेला प्रातिनिधिक दर्जा दिला, आणि तो राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडे राहिला. बहुसंख्य कामगारांचा विश्वास दुसरीकडे आणि वाटाघाटीचा हक्क तिसऱ्याकडे, अशी विपरीत स्थिती निर्माण झाली. अशा परिस्थितीत चिठ्ठी लावायची तर ती कोणाची? १८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले, तेव्हा वेतनाइतकीच या कायद्याची बेडी तोडण्याची मागणीही महत्त्वाची होती. तो संप रीतसर कधीच मागे घेतला गेला नाही. गिरण्या मात्र एकेक करून इतिहासजमा झाल्या, आणि त्यांच्या जमिनींना कापडापेक्षा कितीतरी अधिक भाव आला.

या कोऱ्या रकान्याला एक सन्माननीय अपवाद आहे. १९२५ साली अखिल भारत चरखा संघ स्थापन झाला. काही वर्षांनी गांधीजींच्या ध्यानात आले की खादी स्वस्त करण्याच्या नादात कातणाऱ्या बाईच्या हाती अत्यल्प मजुरी पडते. वर्ध्याजवळ नालवाडी येथे विनोबांनी कातणीच्या मजुरीवरच निर्वाह करण्याचा प्रयोग केला आणि त्या मजुरीत माणूस जगू शकत नाही, हे स्वतःच्या शरीरावर पडताळून पाहिले. १९३५ साली चरखा संघाने निर्वाह-वेतनाचे तत्त्व स्वीकारले. आठ तासांच्या कातणीला आठ आणे मिळावेत, असा गांधीजींचा आग्रह होता. प्रत्यक्ष आरंभ त्याहून बराच खाली झाला. तथापि ठरलेली मजुरी न देणाऱ्या व्यापाऱ्याची खादी ‘अप्रमाणित’ ठरू लागली, मग तिचे सूत कितीही शुद्ध असो. ‘प्रमाणित खादी’ या दोन शब्दांत एका बाईच्या मजुरीची हमी होती. भारतीय कापडावर उमटलेली कामगाराच्या बाजूची ही पहिली मोठी खूण म्हणावी लागेल. ती कातणाऱ्यांच्या संघटनेने मिळविलेली नव्हती, वरून दिलेली होती, ही तिची मर्यादा. पुढे १९५७ साली खादी आयोग आला, २०१३ साली कायदेशीर ‘खादी मार्क’ आला, २००६ सालापासून हातमागाचेही स्वतंत्र चिन्ह आहे. ही चिन्हे मुख्यतः कापड हातचे आहे याची ग्वाही देतात. त्या हाताला काय मिळाले, हे त्यांवरून कळत नाही.

आजच्या तयार कपड्याच्या चिठ्ठीकडे पाहावे. तीवर कंपनीचे नाव असते, कमाल किंमत असते, माप असते, धुण्याच्या सूचना असतात, इस्त्री किती गरम असावी याचे चित्रही असते. कपड्याला कसे वागवावे याची एवढी काळजी! भांडुपसारख्या उपनगरात लहान गाळ्यांतून कपडे शिवले जातात आणि पुढचे काम घराघरांत जाते. बायका धागे कापतात, काज-बटण करतात, टिकल्या लावतात, आणि नगावर मजुरी घेतात. गठ्ठा आणून देणारा मध्यस्थ बदलतो, दर तोंडी ठरतो, पैसे अडले तर कोणाकडे दाद मागावी हे ठाऊक नसते. आपण अमुक कंपनीचे काम केले, हे सिद्ध करण्याचा कागद त्या बाईजवळ नसतो. ज्या कपड्यावर तिची बोटे फिरली त्याच्या आत कंपनीचे नाव ठळक शिवलेले असते. बहुधा ती चिठ्ठीही अशाच कोणा बाईने शिवलेली असते.

या प्रश्नाला उत्तराची दिशा नाही असे नाही, आणि ती दिशाही तंबाखूच्या धंद्यातूनच दिसते हा योगायोग लक्षणीय आहे. सिन्नर, नगर, सोलापूर येथील विडी कामगार स्त्रिया घरीच विड्या वळतात. त्यांना कामगार मानावे की नाही, यावर दीर्घ वाद झाला. १९६६ च्या विडी कामगार कायद्याने घरी काम करणाऱ्यांनाही कामगार म्हणून मान्यता दिली आणि कामाची नोंद असलेले पुस्तक त्यांच्या हाती आले. त्यामुळे शोषण थांबले नाही, पण बाईच्या हातात पुरावा आला, आणि पुराव्यावर संघटना उभी राहू शकली. घरकामगारांसाठी आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९९६ साली करार संमत केला. भारताने त्याला अद्याप मान्यता दिलेली नाही. कपड्याच्या प्रत्येक गठ्ठ्याबरोबर मूळ कंपनीचे नाव, नगाचा दर आणि तारीख लिहिलेली चिठ्ठी बाईला मिळालीच पाहिजे, ही मागणी लहान दिसते. पण तिने आजवर कोरा राहिलेला रकाना भरण्यास सुरुवात होईल.

चिठ्ठीवर फाजील भिस्त मात्र ठेवू नये. अमेरिकेतील संघटनेने १९७० च्या दशकात आपली चिठ्ठी पाहून माल घ्या, असा प्रचंड प्रचार केला. तरीही कारखाने स्वस्त मजुरीच्या देशांकडे गेले आणि वीस वर्षांत ती संघटना आपल्या नावासह विलीन झाली. त्या देशातील टाकाऊ कपड्यांचे गठ्ठे आज पानिपतला येतात. तेथील कारखान्यांत ते फाडून त्यांचे पुन्हा सूत केले जाते. त्याआधी बायका विळीवर बटणे, साखळ्या आणि आतल्या चिठ्ठ्या कापून बाजूला काढतात. एका देशातील शिवणाऱ्यांनी लढून मिळविलेली खूण दुसऱ्या देशातील कापणाऱ्यांच्या पायाशी ढिगात पडते, आणि दोघींची गाठ कधी पडत नाही. खूण टिकते ती संघटना टिकते तोवर, आणि संघटनेची नजर देशाच्या सीमेपाशी थांबली तर भांडवल ती सीमा सहज ओलांडते.

अखेरीस एक काम, जे आजच हाती घेता येईल. दारावर बोहारीण येते, जुन्या गोधड्या आणि लुगडी भांड्यांच्या मोलाने जातात. त्याआधी प्रत्येक घरातील मुलामुलींनी त्या उलटून पाहाव्यात. कोठे शिक्का दिसला, काठावर गिरणीचे नाव दिसले, तर ते वहीत उतरवावे. वार की मीटर, आणे की नवे पैसे, महामंडळाचे नाव आहे की नाही, याची नोंद करावी. मग आजी-आजोबांना विचारावे की गिरणी कोणती, खाते कोणते, पाळी कोणती, बदली होते की कायम, संपात किती महिने घर कशावर चालले. १९३० च्या आसपास मुंबईच्या गिरण्यांत दर पाच कामगारांमागे साधारण एक स्त्री होती. रीळ आणि वाईंडिंग खात्यातील त्या बायकांची नावे कोणत्याही ताग्यावर नाहीत आणि इतिहासाच्या ग्रंथांतही फारशी नाहीत. जेथे उत्तर मिळेल तेथे ते नाव, खाते आणि साल पांढऱ्या कापडाच्या पट्टीवर लिहून गोधडीच्या कोपऱ्यात शिवून टाकावे. आणि त्याच वहीच्या पुढच्या पानावर, आज घरात येणाऱ्या गठ्ठ्याचा दर आणि तारीख लिहिण्यास आरंभ करावा.